मृतदेहाचे छायाचित्र : पुरावा, साक्ष की तमाशा?

युद्धात मारल्या गेलेल्या माणसांची छायाचित्रे वृत्तपत्रांनी छापावीत काय, वाहिन्यांनी ती दाखवावीत काय, हा प्रश्न जुना आहे. १८६२ साली अमेरिकेतील यादवी युद्धात अँटिएटमच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांची छायाचित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली, तेव्हापासून तो विचारला जात आहे. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनमधील बुचा गावच्या रस्त्यावरील प्रेते जगाने पाहिली. ऑक्टोबर २०२३ पासून गाझामधील ढिगाऱ्याखालून काढलेली मुले आपल्या हातातल्या फोनवर येत राहिली. माझे विद्यार्थी ही चित्रे पाहतात आणि वर्गात वाद घालतात. एक बाजू म्हणते, दाखवलेच पाहिजे. नाहीतर जगाला कळणार कसे? दुसरी बाजू म्हणते, ही मृताची विटंबना आहे. कोणाच्याही आईला आपल्या मुलाचे छिन्नविच्छिन्न शरीर चौकात टांगलेले आवडणार नाही.

दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मृतदेह म्हणजे नुसता मृतदेह, पाहणारा म्हणजे नुसता पाहणारा, असे त्या मानतात. ज्या देशात मेल्यानंतरही स्मशान वेगळे असते, त्या देशात हे गृहीत टिकत नाही. येथे शरीराला जात असते आणि नजरेलाही जात असते. म्हणून पाश्चात्त्य वृत्तपत्रसृष्टीतला हा वाद जसाच्या तसा उचलून आपल्याला चालणार नाही. तो आपल्या अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहावा लागेल. आणि नागपूरच्या माणसाला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे.

कोणी म्हणेल, खैरलांजी हे युद्ध नव्हते. कायद्याच्या भाषेत नव्हतेच. पण युद्धाला निदान काही नियम आहेत. १९४९ चे जिनिव्हा करार सांगतात की रणांगणावरील मृतांचा शोध घ्यावा, त्यांची विटंबना होऊ देऊ नये. युद्धकैद्यांना अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून वाचवावे. जातीने गावात चालवलेल्या युद्धाला असा कोणताही करार लागू नाही. त्याची घोषणा होत नाही, त्यात तह होत नाही आणि त्यातल्या मृतांची मोजदाद बहुधा ‘जुन्या वैमनस्यातून खून’ या सदरात होते.

१

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना जमावाने ठार मारले. आई सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर. वडील भैयालाल तेवढे वाचले. मृतदेह कालव्यात टाकण्यात आले. कुटुंब बौद्ध होते, शेतीच्या तुकड्यावर कष्ट करून मुलांना शिकवीत होते. प्रियंका सायकलवरून शाळेत जात असे. महिन्याच्या सुरुवातीला झालेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखा आणि प्रियंका यांनी पोलिसांसमोर हल्लेखोरांना ओळखले होते. हल्लेखोर जामिनावर सुटून आले आणि त्याच दिवशी हे हत्याकांड झाले.

त्या आठवड्याचे नागपूर ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवत असेल. २ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी होती आणि १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षेला ५० वर्षे पूर्ण होत होती. दीक्षाभूमीवर लाखो माणसे येत होती. आणि याच वेळी तेथून जवळच्या जिल्ह्यात चार बौद्ध मारले गेल्याची बातमी आतल्या पानावर, गुन्हेगारीच्या रकान्यात, अनैतिक संबंधांची कुजबुज जोडून येत होती. मारल्या गेलेल्या बाईच्या चारित्र्यावर शिंतोडा उडाला की मारणाऱ्यांचे काम निम्मे हलके होते. सुमारे महिनाभर मोठ्या वृत्तपत्रांना आणि इंग्रजी वाहिन्यांना खैरलांजी हे नाव माहीतही नव्हते.

मग छायाचित्रे आली. कालव्यातून काढून जमिनीवर ठेवलेल्या मृतदेहांची. ती मोठ्या वृत्तपत्राने छापली म्हणून पसरली नाहीत. ती कार्यकर्त्यांच्या हातून गेली. पत्रकांवर छापली गेली, फलकांवर चिकटवली गेली, ई-मेलने देशाबाहेर पोहोचली. नोव्हेंबरमध्ये नागपूर, कामठी, भंडारा, अमरावती येथे लोक रस्त्यावर उतरले. या लोकांमागे नक्षलवादी असावेत अशी शंका राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी बोलून दाखवली. आपले लोक आपल्या मृतांसाठी स्वतःहून रस्त्यावर येऊ शकतात, हे सत्तेला पटत नव्हते. अखेर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि डिसेंबर २००६ मध्ये आरोपपत्र दाखल झाले.

म्हणजे पहिला निष्कर्ष स्पष्ट आहे. छायाचित्रे नसती तर खैरलांजी हे नाव आज कोणाला माहीत नसते. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी ‘पायोनियर’मध्ये लिहिले की एका परदेशी वार्ताहराने दलित पत्रकाराचे नाव विचारले आणि शोध घेऊनही त्यांना दिल्लीत एक नाव सापडले नाही. ज्या समाजाच्या हाती छापखाना नाही आणि संपादकाची खुर्ची नाही, त्याच्यापाशी आपल्या मृतांचे छायाचित्र हाच एक वार्ताहर उरतो. अशा समाजाला ‘संयम पाळा, विचलित करणारी दृश्ये दाखवू नका’ असे सांगणे सोपे आहे. पण ज्याचा आवाज ऐकला जातो त्यालाच संयम परवडतो.

२

त्या नोव्हेंबरात उत्तर नागपुरातल्या एका चौकात असाच फलक लागला होता. मीही त्या गर्दीत होतो. फलकावर प्रियंकाचे विवस्त्र प्रेत होते. तरुण मुले संतापाने बोलत होती, मुठी आवळत होती. एक म्हातारी बाई बराच वेळ पाहत उभी राहिली आणि फलक लावणाऱ्या मुलाला म्हणाली, “बापू, फोटो लाव. पण त्या लेकीच्या अंगावर कायतरी टाक ना.”

त्या मुलाने उत्तर दिले, की झाकले तर काय केले ते दिसणार कसे? या दोन वाक्यांत सगळा वाद आहे. मुलगा पुराव्याची बाजू मांडत होता, म्हातारी माणसाची. आणि दोघेही आपलेच होते.

म्हातारीच्या बोलण्याला सोवळेपणा म्हणून बाजूला सारता येणार नाही. दलित स्त्रीला विवस्त्र करणे हे या देशात केवळ लैंगिक कृत्य नाही, ती एक सार्वजनिक घोषणा असते. गावासमोर धिंड काढायची ती गावाने पाहावे म्हणूनच. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला विवस्त्र करणे, धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा मानला, तो हे ओळखूनच. मग ज्या शरीराला मारणाऱ्यांनी विवस्त्र केले, तेच शरीर आम्ही चौकात विवस्त्र लावले, तर मारणाऱ्यांना जे दाखवायचे होते ते आमच्या हातून पुढे नेले जात नाही काय? तो फलक बघायला येणाऱ्यांत सगळेच संतापाने येत नव्हते. काही नजरा वेगळ्या होत्या, हे बाईला लगेच कळते. पुरुष कार्यकर्त्याला उशिरा कळते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मणिपूरचे. ४ मे २०२३ रोजी तेथे दोन कुकी स्त्रियांची विवस्त्र धिंड काढण्यात आली. त्याच महिन्यात पोलिसांत तक्रार नोंदली गेली होती. कागद होता, नावे होती, घटना लिहिलेली होती. दोन महिने काहीही हलले नाही. १९ जुलैला चित्रफीत बाहेर आली आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान बोलले, सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, अटका सुरू झाल्या. सरकारने समाजमाध्यमांना ती चित्रफीत काढून टाकायलाही सांगितले. ती चित्रफीत त्या स्त्रियांचा अपमान पुन्हा पुन्हा करीत होती हे खरे आणि तिच्यावाचून त्यांची तक्रार धूळ खात पडली होती हेही खरे. यातले एक सत्य सांगून दुसरे लपवणारा माणूस या प्रश्नावर बोलायला लायक नाही.

३

आता पाहू या, कोणाचे मृत दाखवले जातात आणि कोणाचे झाकले जातात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या मृत सैनिकांची छायाचित्रे दीर्घकाळ रोखून धरली. सप्टेंबर १९४३ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने न्यू गिनीतील बुना येथील किनाऱ्यावर पडलेल्या तीन सैनिकांचे छायाचित्र छापले, तेही त्यांचे चेहरे दिसत नव्हते असे. १९९१ ते २००९ या काळात युद्धावरून परतणाऱ्या शवपेट्यांची छायाचित्रे घ्यायलाही अमेरिकेत बंदी होती. शवपेटीवर ध्वज असतो, आत कोण आहे ते दिसत नाही, तरीही बंदी. आणि याच देशाच्या वृत्तपत्रांत व्हिएतनाम, इराक, आफ्रिका येथील मृतांचे चेहरे मोकळेपणाने छापले जात होते. सुझन सोंटाग यांनी २००३ साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकात हेच दाखवून दिले आहे : देश जितका दूरचा आणि परका, तितके तेथील मृतांचे चेहरे उघडे.

आपल्याकडे दूरचा देश शोधायला समुद्र ओलांडावा लागत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती हाच दूरचा देश असतो. मोठ्या घरातला माणूस अपघातात गेला तर त्याचे हसरे छायाचित्र छापले जाते. झोपडपट्टीतला गेला तर गटाराच्या कडेला पडलेला. एकाचे जीवन छापले जाते, दुसऱ्याचे मरण. तालुक्याचा बातमीदार फोनवर छायाचित्र काढतो, जिल्हा कार्यालयाकडे पाठवतो, तेथून ते शहरातल्या संपादन कक्षात जाते. तेथे रात्री दहा वाजता कोणीतरी ठरवतो की हे चालेल, हे नको. त्या ‘कोणीतरी’च्या मनात एक प्रश्न नकळत येतो : हे पाहून आपल्या वाचकाला चहा घेताना त्रास होईल काय? मृताच्या घरी पेपर येत असेल, ही शक्यता त्याच्या हिशेबात नसते.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी वाहिन्यांना सूचना दिली, की मृतदेह, रक्तबंबाळ जखमी आणि मारहाण यांची दृश्ये जवळून, न झाकता दाखवू नयेत. सूचना योग्यच आहे. पण एका प्रसिद्ध क्रिकेटपटूच्या अपघाताची दृश्ये वाहिन्यांनी फिरवली, त्यानंतर काही दिवसांत ती आली. नियम कोणत्या शरीरामुळे आठवतो, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

नागपुरातच २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. त्यांत बहुतांश बाया आणि मुले होती. शहराने त्यांचे स्मारक केले, उड्डाणपुलाला त्यांचे नाव दिले. तरी आज शहरात विचारा, ‘एकशे चौदा गोवारी’ असा आकडा सगळे सांगतील. त्यांतले एक नाव सांगणारा विरळा. प्रेत दाखवूनही माणूस अदृश्य राहू शकतो, तो असा. उलट भीमा-कोरेगावच्या स्तंभावर प्रेताचे चित्र नाही, जखमेचे वर्णन नाही. दगडावर नावे आहेत आणि त्यांत ‘नाक’ लावून संपणारी २२ महारांची नावे आहेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतली ही माणसे दोनशे वर्षांनंतरही आपल्याला बोलावतात, ती नावांमुळे. ते राज्य परक्याचे होते आणि ती नोंद त्याने आपल्या सोयीसाठी केली, हे मला माहीत आहे. पण नाव कोरले गेले की पुढच्या पिढीला त्याचा अर्थ नव्याने लावता येतो. आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

४

या विषयावर बोलताना अमेरिकेतील काळ्या लोकांचा अनुभव टाळून चालणार नाही. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तीच ब्लॅक पँथरच्या नावाचा धागा पकडून.

तेथे झुंडीने काळ्या माणसाला झाडाला टांगले की गोरे लोक प्रेतासोबत उभे राहून छायाचित्र काढून घेत. त्याची पोस्टकार्डे छापली जात, नातेवाइकांना पाठवली जात. १९०८ साली टपाल खात्याने अशी कार्डे पाठवण्यास मनाई केली, इतके त्यांचे प्रमाण वाढले होते. ते छायाचित्र मारणाऱ्याचे होते, त्याच्या अभिमानाचे होते.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाला मारून नदीत टाकण्यात आले. प्रेत शिकागोला आले तेव्हा ओळखू येत नव्हते. त्याची आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचे काय केले ते सगळ्यांनी पाहावे, असा तिचा आग्रह होता. हजारो लोक रांगेने येऊन पाहून गेले. ‘जेट’ या काळ्यांच्या साप्ताहिकाने सप्टेंबरमध्ये छायाचित्र छापले. खुनाच्या आरोपींना गोऱ्या पंचांनी सोडून दिले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला आपण खून केल्याचे सांगितले. छायाचित्राने न्याय मिळवून दिला नाही. पण एक पिढी ते छायाचित्र पाहून उठली. त्याच डिसेंबरात माँटगोमेरीचा बसवरील बहिष्कार सुरू झाला.

झाडाला टांगलेल्या माणसाचे पोस्टकार्ड आणि शवपेटीतील एमेट टिल, दोन्ही छायाचित्रांत काळ्या माणसाचे विद्रूप केलेले शरीरच आहे. फरक कशात आहे? पहिल्यात मारणारा दाखवतो, दुसऱ्यात आई दाखवते. पहिले छायाचित्र ‘पाहा आणि घाबरा’ म्हणते. दुसरे ‘पाहा आणि उत्तर द्या’ म्हणते. शिवाय ‘जेट’ने त्या मुलाचे जिवंतपणीचे, आईजवळ उभे असलेले छायाचित्रही छापले होते. वाचकाला आधी मुलगा भेटला, मग प्रेत.

या कसोटीने पाहिले तर उनाचे उदाहरणही उलगडते. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण करण्यात आली आणि मारणाऱ्यांनीच त्याची चित्रफीत काढून पसरवली. ते त्यांचे पोस्टकार्ड होते. आमच्या लोकांनी तेच उचलले आणि पुरावा म्हणून त्यांच्याच अंगावर फेकले. मेलेली जनावरे उचलणार नाही अशी शपथ हजारोंनी घेतली. मारणाऱ्याचे चित्र साक्षीदाराच्या हाती आले की त्याचा अर्थ बदलू शकतो. पण तो आपोआप बदलत नाही. त्यासाठी माणसे उभी राहावी लागतात.

आणि चित्रावरचा हक्क हिरावला गेला की काय होते, ते एप्रिल २०२५ मध्ये दिसले. पहलगामला २६ जणांची हत्या झाली. मृत पतीच्या शेजारी सुन्न बसलेल्या एका नवविवाहितेचे छायाचित्र देशभर फिरले, त्याची चित्रे काढली गेली, सूडाच्या घोषणा त्यावर लिहिल्या गेल्या. काही दिवसांनी तीच बाई म्हणाली, की मुसलमान आणि काश्मिरी यांच्याविषयी द्वेष नको, आम्हाला शांती हवी आणि न्याय हवा. ज्यांनी तिचे छायाचित्र डोक्यावर घेतले होते त्यांतल्या अनेकांनी तिच्यावर शिव्यांचा भडिमार केला. त्यांना तिचे दुःख हवे होते, तिचे मत नको होते.

५

आता मूळ प्रश्नाकडे येतो. छायाचित्र काय दाखवते आणि काय दाखवू शकत नाही?

छायाचित्रात जखम दिसते, जात दिसत नाही. खैरलांजीची छायाचित्रे लाखो लोकांनी पाहिली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला असे मानले नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा रद्द करून २५ वर्षांच्या कारावासात बदलली आणि हे सूडातून झालेले हत्याकांड मानले. म्हणजे ज्यावरून महाराष्ट्र पेटला ते, जात, निकालपत्रात उरलेच नाही. मृतदेहांचे पहिले शवविच्छेदन नीट झाले नव्हते, प्रेते उकरून दुसरे करावे लागले. बलात्काराचा आरोप उभाच राहिला नाही. चौकातल्या छायाचित्राने संताप दिला. न्यायालयाला लागतो तो वेळेवर, नियमाने, तज्ज्ञाने नोंदवलेला पुरावा. तो नव्हता. ज्याच्यासाठी हे सर्व, तो भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात मरण पावला.

युद्धाचेही तसेच आहे. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकन सैनिकांनी शेकडो गावकरी मारले. सैन्याचा छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली तेथे होता. सरकारी कॅमेऱ्यातली चित्रे त्याने सैन्याला दिली, स्वतःच्या कॅमेऱ्यातली जवळ ठेवली. ती २० नोव्हेंबर १९६९ रोजी क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ने छापली. अमेरिका हादरली. शेवटी शिक्षा झाली ती एकट्या लेफ्टनंट कॅलीला, तीही पुढे सौम्य झाली. प्रेते दिसली, ज्या आदेशांच्या साखळीने ती पडली ती साखळी छायाचित्रात दिसत नव्हती.

येथे मला बाबासाहेबांच्या एका विचाराची आठवण होते. सिद्धार्थाने आजारी, म्हातारा आणि प्रेत पाहिले आणि तो घर सोडून गेला, ही परंपरागत कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ती नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने तोवर प्रेत पाहिलेच नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण वेगळे आहे : रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांवर युद्ध पुकारायचे ठरवले, सिद्धार्थाने संघाच्या सभेत उभे राहून विरोध केला, मत हरला आणि परिव्रज्या पत्करली.

या फेरमांडणीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. प्रेत पाहून माणूस बदलतो, असे मानणारी पहिली कथा आहे. प्रेते पडण्याआधी, पाण्याच्या वाटपाचा प्रश्न समोर असताना, बहुमताविरुद्ध उभा राहतो तो बदलतो आणि बदल घडवतो, असे दुसरी सांगते. पहिलीत पाहणे आहे, दुसरीत कारणमीमांसा आणि भूमिका आहे. बौद्ध परंपरेत भिक्षूने स्मशानात प्रेताचे अवलोकन करावे असे सतिपट्ठानात सांगितले आहे, हे खरे. पण ते अवलोकन ‘हे माझेही शरीर आहे’ हे जाणण्यासाठी आहे. दुसऱ्याचे प्रेत पाहून स्वतःला वेगळा आणि सुरक्षित समजणाऱ्याने काहीच पाहिलेले नसते.

६

मग आपण काय म्हणायचे? ‘दाखवा’ किंवा ‘दाखवू नका’ असे एका शब्दाचे उत्तर मी देणार नाही. पण कार्यकर्ते, शिक्षक आणि आपली नियतकालिके चालवणारे यांच्यासाठी काही गोष्टी निश्चित सांगता येतात.

मृतदेहाच्या छायाचित्राचे तीन उपयोग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला पुरावा. तो पूर्ण, न झाकलेला, तारीख-वेळेसह असला पाहिजे. पण त्याची जागा तपासाच्या कागदांत, वकिलाकडे, न्यायालयात आहे. चौकात नाही. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम १५अ आले आणि या कायद्याखालील कार्यवाहीचे चित्रमुद्रण व्हावे असे त्यात म्हटले. हे किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? घटनेच्या गावी पहिले पोहोचणाऱ्याने फलकाची चिंता करण्याआधी पंचनामा, शवविच्छेदन आणि चित्रमुद्रण नियमाप्रमाणे होते की नाही हे पाहावे. खैरलांजीत आपण कमी पडलो ते संतापात नाही. पहिल्या दोन दिवसांतील पुराव्यावर आपला पहारा नव्हता.

दुसरा उपयोग साक्ष. समाजाने पाहिलेच पाहिजे असे काही मृत्यू असतात आणि ते झाकणे म्हणजे मारणाऱ्याला मदत करणे होय. पण साक्ष देण्याचा पहिला अधिकार घरच्यांचा आहे. मेमी टिलला तो मिळाला. आपल्या प्रत्येक आईला, बापाला, बहिणीला तो विचारला गेला पाहिजे. त्यांचा नकार हाही निर्णय मानला पाहिजे. आणि साक्षीत मृताचे जिवंतपणीचे छायाचित्र, नाव, तो काय करत होता, काय शिकत होता, कोणत्या जमिनीसाठी किंवा कोणत्या साक्षीसाठी मारला गेला, हे सगळे प्रेताच्या आधी आले पाहिजे. जात छायाचित्रात दिसत नाही. ती खालच्या ओळींत लिहावी लागते. न लिहिलेली ओळ ‘जुने वैमनस्य’ भरून काढते.

तिसरा उपयोग तमाशा. कारण नाही, नाव नाही, परवानगी नाही, फक्त रक्त आहे आणि ‘पुढे पाठवा’ आहे. याला आपण नकार दिला पाहिजे, चित्र गाझाचे असो की मराठवाड्याच्या एखाद्या खेड्यातले असो. विवस्त्र केलेल्या स्त्रीचे उघडे चित्र कोणत्याही चळवळीच्या फलकावर जाऊ नये, हा नियम मी कोणत्याही अपवादाविना मांडतो. मणिपूरने दाखवले की असे चित्र सत्तेला हलवू शकते. पण हलवण्यासाठी अंग उघडे ठेवावे लागत नाही. त्या म्हातारीने तेच सांगितले होते : फोटो लाव, पण अंगावर काहीतरी टाक. झाकलेल्या अंगाखाली काय केले गेले हे शब्दांनी, कलमांनी, वैद्यकीय अहवालांनी सांगता येते. आणि ते सांगणे शिकणे हेच आपले काम आहे.

प्रस्थापित वृत्तपत्रांकडून मागणी एकच असावी : मोजमाप सगळ्यांना सारखे ठेवा. ज्या शहीद सैनिकाचे प्रेत तुम्ही ध्वजाखाली झाकता, ज्या पुढाऱ्याच्या मुलाचे हसरे छायाचित्र छापता, त्याच मापाने वस्तीतल्या, तांड्यावरच्या, गाझामधल्या मृताला मोजा. आणि ज्या दिवशी तुम्ही आमचे मृत झाकाल त्या दिवशी बातमी झाकू नका. पहिल्या पानावर चित्र नसले तरी चालेल, बातमी पहिल्या पानावर हवी.

शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थी ही चित्रे पाहणारच आहेत. त्यांच्या हातून फोन काढून घेऊन काही होणार नाही. त्यांना प्रत्येक चित्रासमोर पाच प्रश्न विचारायला शिकवा. हे कोणी काढले? कोणाला दाखवण्यासाठी काढले? यातल्या माणसाचे नाव काय? घरच्यांना विचारले काय? आणि याच्या चौकटीबाहेर कोण उभा आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण मारणारा, आदेश देणारा, पंचनामा बिघडवणारा आणि बातमी आतल्या पानावर ढकलणारा, हे सगळे नेहमी चौकटीबाहेर असतात. त्यांना चौकटीत आणणे कॅमेऱ्याला जमत नाही. ते लिहिणाऱ्याला, शिकवणाऱ्याला आणि संघटना बांधणाऱ्याला करावे लागते.